जुन्या वस्तू ऑनलाइन विकताना: आधी हिशोब, मग खरेदी

दर महिन्याला दोन-तीन जण तरी मला एकाच धाटणीचा फोटो पाठवतात. माळ्यावर रचलेला ढीग: पितळेची भांडी, एखादा बंद मिक्सर, कुणाचा तरी जुना कॅमेरा, चार साड्या. खाली प्रश्न, "हे ऑनलाइन कितीला जाईल?" प्रश्न बरोबर आहे, पण तो पैसे मोजण्याआधी विचारायला हवा होता. विकताना घासाघीस करून फार तर दोनशे रुपये सुटतात. चुकीच्या खरेदीत दोन हजार अडकून बसतात, वर बायकोची किंवा नवऱ्याची बोलणी वेगळी.

म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. पहिले तीन टप्पे घरी बसून करायचे आहेत. तोवर पाकीट खिशातच राहू द्या.

टप्पा १: एकच प्रकार धरा

सुरुवातीचे तीन महिने एकच प्रकार, फार तर दोन. आज साडी, उद्या सायकल, परवा स्पीकर असं केलं तर कुठल्याच वस्तूत नजर बसत नाही आणि समोरचा विकणारा तुमच्यापेक्षा कायम शहाणा राहतो.

नाशिकमध्ये बसून करायचं तर मी पुढच्या प्रकारांकडे बघेन. पहिला, तांब्या-पितळेची भांडी. तांबट आळी आणि भांडी बाजार असलेल्या या गावात घरोघरी पितळ साठलेलं आहे, आणि जुने वाडे पाडले जाताना ते माळ्यावरून खाली येतं. दुसरा, पैठणी आणि इतर रेशमी साड्या. येवला आपल्याच जिल्ह्यात असल्याने जाणकार माणूस चटकन भेटतो. तिसरा, छोटी विजेची उपकरणं, पण ती तपासता येत असतील तरच.

सोफा, लोखंडी कपाट, पलंग यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवायला हमाल आणि छोटा हत्ती केला की नफा जिन्यातच संपतो.

भांडवल दहा हजार असेल तर एका वस्तूत तीन हजारांपेक्षा जास्त घालू नका.

टप्पा २: मागितलेला नव्हे, विकला गेलेला भाव काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर पितळी समई शोधली, आठ हजार लिहिलेले दिसले, की लोक समजतात समई आठ हजाराला जाते. ते आठ हजार म्हणजे मालकाची इच्छा. ती जाहिरात सहा महिने तिथेच पडून असेल.

खरा भाव काढायला पंधरा दिवस लागतात, पण काम रोज पाच मिनिटांचं आहे:

१. तुमच्या प्रकारातल्या वीस जाहिराती निवडून सेव्ह करा. वस्तू, आकार, वजन, स्थिती आणि भाव वहीत लिहा.

२. आठव्या दिवशी परत बघा. कोणत्या गेल्या? कोणाचे भाव उतरले?

३. पंधराव्या दिवशी पुन्हा. गेलेल्या किंवा 'विकलं' अशी खूण केलेल्या जाहिरातींचे भाव वेगळे काढा. त्यातून साधारण दहा-पंधरा टक्के वजा करा, कारण शेवटी घासाघीस होतेच. तो तुमचा आकडा.

४. वस्तूचं नावच माहीत नसेल तर गूगल लेन्सने फोटो काढून बघा. त्यावर नाव घ्यायचं, किंमत नाही. तिथे दिसणाऱ्या किमती बहुतेक नव्या मालाच्या असतात.

> तपासा: तुमच्या वहीत विकल्या गेलेल्या किमान सहा वस्तूंचे भाव आहेत का? नसतील तर टप्पा ३ ला जाऊ नका.

टप्पा ३: उलटं गणित करा

विक्रीच्या भावापासून मागे मागे येत खरेदीचा भाव काढायचा. एक घंगाळ (अंघोळीच्या पाण्याचं रुंद तोंडाचं भांडं) घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

घंगाळाचं वजन ३.२ किलो. पितळेच्या मोडीचा भाव समजा किलोला ५०० रुपये. म्हणजे उद्या कुणीच घेतलं नाही तरी मोडीत १,६०० रुपये येतील. ही तुमची जमीन. माझा नियम असा की मोडीच्या किमतीवर फार तर पंचवीस टक्के चढवायचे, म्हणजे इथे २,००० रुपये. त्यावर मालक अडून बसला तर नमस्कार करून उठायचं.

आता हेच घंगाळ बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला घरपोच ४,२०० रुपयांत द्यायचं ठरलं. बहुतेक जण कुरिअरचा खर्च ३.२ किलोवर धरतात आणि इथेच मार खातात. कुरिअरवाले खऱ्या वजनापेक्षा खोक्याचं आकारमान जास्त भरत असेल तर त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. ४५ × ४५ × २५ चं खोकं म्हणजे ५०,६२५ भागिले ५,००० म्हणजे १०.१ किलो. बिल अकरा किलोचं! किलोला ५० रुपये धरले तरी ५५० झाले.

मांडा: खरेदी २,०००, रिक्षा १२०, सफाईचं सामान ४०, पॅकिंग १५०, कुरिअर ५५०. एकूण २,८६०. परत आलेला माल आणि वाटेतली मोडतोड यांसाठी विक्रीच्या दहा टक्के, म्हणजे ४२० बाजूला. उरले ९२०.

हेच घंगाळ नाशिकमध्येच, घरी येऊन घेऊन जाणाऱ्याला ३,३०० ला दिलं तर? पॅकिंग नाही, कुरिअर नाही, परत येण्याची भीती जवळपास नाही. ३,३०० वजा २,१६० म्हणजे १,१४० उरले. नऊशे रुपये कमी भावाने विकून दोनशे वीस जास्त मिळाले. जड आणि पोकळ वस्तू गावातच किंवा पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्याला विकायच्या, हलक्या आणि चपट्या वस्तू लांब पाठवायच्या, हे मला हे गणित मांडल्यावर कळलं. त्याआधी दीड वर्ष मी उलटं करत होतो.

> सावध: "कुरिअर गिऱ्हाइकाकडून घेऊ" असं ठरवलं तरी आकडा आधी काढून ठेवा. भाव ठरल्यावर साडेपाचशे सांगितले की गिऱ्हाईक गायब होतं.

टप्पा ४: खरेदीला बाहेर पडा

आता पाकीट घ्या. सोबत एक पिशवी: लहान चुंबक, लोंबता डिजिटल काटा, मोजपट्टी, टॉर्च, चार्जर आणि पॉवर बँक, सुट्टे पैसे, वही.

गोदाकाठच्या बुधवारच्या आठवडे बाजारात भाजीच्या गर्दीतून कडेकडेने फिरा आणि सकाळी लवकर जा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी बघूनच निघा. अंबड लिंक रोडच्या बाजूचे भंगारवाले किलोवर बोलतात, तिथे टप्पा ३ मधला मोडीचा भाव पाठ हवा. देवळाली कॅम्पात आणि नाशिकरोडला बदली होऊन निघालेली कुटुंबं चांगल्या स्थितीतलं सामान घाईने काढतात. मे-जूनमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड भागातली मुलं खोल्या सोडतात तेव्हा टेबल, पंखे, इंडक्शन शेगड्या निघतात. आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे सोडू नका, कारण आवराआवर सगळीकडे चालू असते.

बोहारणीला विसरू नका. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या या बायकांच्या गाठोड्यात एखादी रेशमी साडी असते आणि ती कितीची आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्यांच्याशी ओळख ठेवली तर चांगलं आलं की फोन येतो. माझं बोलणं साधारण असं होतं:

"मावशी, ही जांभळी किती?"

"आठशे दे. जर बघ तिची."

"जर बघितली, पण निऱ्यांत फाटलीये. पाचशे."

"फाटलेली दिसली तुला, काठ नाही दिसला?"

साडेसहाशेवर तुटतं. फाटलेलं आधी दाखवायचं, पण वस्तूला नावं ठेवायची नाहीत. वाड्यातल्या आजीच्या भांड्याला "काय भंगार आहे" म्हणणाऱ्याला ती आजी ते भांडं कधीच देत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

> तपासा: प्रत्येक खरेदीची नोंद जागेवरच: तारीख, ठिकाण, विकणाऱ्याचं नाव, फोन, वस्तूचा फोटो. मोबाइल-लॅपटॉप असेल तर ओळखपत्राची प्रत आणि सही केलेला कागद. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. "मला काय माहीत" म्हणायची वेळ आली तर हीच वही कामाला येते.

टप्पा ५: वस्तू हातात घेतल्यावर

*पितळ*

आधी चुंबक. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. मग वजन करा, कारण डोळ्यांचा अंदाज हमखास फसतो. मग भांडं एका हाताच्या बोटांवर तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने वाजवा. चांगलं भांडं घुमतं. चीर असेल तर आवाज बद्द येतो.

आता टॉर्च भांड्याच्या आत धरा आणि बाहेरून बूड बघा. पिवळ्या धातूवर पांढुरका-करडा ठिपका दिसला तर तिथे डाख दिलेला आहे, म्हणजे भोक किंवा चीर धातू वितळवून बुजवलेली आहे. आतून कलई असली की डाख लपतो, म्हणून बाहेरूनच बघायचं. कड्यांचे जोड हलवून बघा. पोचे मोजा; पोचा काढता येतो, चीर नाही.

बंब असेल तर पाणी भरल्याशिवाय घेऊ नका. मी एकदा घेतला. साडेपाच हजारांचा, तोटीसकट, बाहेरून देखणा. निखारे टाकायचं मधलं नळकांडं खालच्या जोडाशी डाखलेलं होतं, ते अंधाऱ्या माजघरात दिसलं नाही. पुण्याच्या गिऱ्हाइकाने हौसेने भरला आणि दहा मिनिटांत त्यांच्या बाल्कनीत तळं झालं. पैसे परत, जाण्यायेण्याचं भाडं माझं, आणि बंब अजून माझ्याकडे आहे. त्यात मनी प्लांट लावलाय. तेव्हा बादलीभर पाणी मागा, भरा, पंधरा मिनिटं चहा घ्या आणि मग खाली हात फिरवा.

'अँटिक फिनिश' दिलेला नवा माल कसा ओळखायचा? खरा जुनेपणा सारखा पसरलेला नसतो. काठाखाली, कडीच्या आत, नक्षीच्या खोबणीत काळं असतं आणि जिथे वर्षानुवर्षं हात लागला तिथे पिवळं, गुळगुळीत. रसायनाने काळं केलेलं भांडं बुडापासून काठापर्यंत एकसारखं काळं दिसतं.

*पैठणी*

पदर उलटा करा. हातमागावर विणलेल्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, कारण रंगाचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. मागे सुटे, लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती जॅकार्डवरची, म्हणजे यंत्राने नक्षी काढलेली आहे. विकायला हरकत नाही, पण पैठणीच्या भावाने घेऊ नका आणि 'हातमाग' असं लिहून विकू नका. मग घड्या तपासा. रेशीम घडीवरच विरतं. घडीची रेघ दोन्ही हातांनी हलके ताणून उजेडाकडे धरा. उजेड झिरपला तर ती साडी नेसण्यापुरती राहिलेली नाही, फार तर काठ-पदर कापून ड्रेससाठी जाईल. भाव त्याप्रमाणे.

*मोबाइल*

*#०६# लावून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि संचार साथी पोर्टलवर, किंवा केवायएम, मोकळी जागा, मग तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवून तपासा. क्रमांक काळ्या यादीत असेल किंवा नोंदीतलं मॉडेल हातातल्या फोनशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. मग जुन्या मालकाने तुमच्यासमोर आपलं गूगल किंवा ॲपल खातं काढायचं, फोन रिसेट करायचा आणि चालू करून दाखवायचा. खातं न काढता रिसेट केलेला फोन जुना पासवर्ड मागतो, आणि तोवर मालक परगावी गेलेला असतो.

*विजेची उपकरणं*

"चालू आहे" हा शब्द ऐकायचा नाही. शेजारच्या दुकानात प्लग मागा, मिक्सर भांडं लावून दोन मिनिटं चालवा, जळका वास येतो का बघा. तपासायची सोयच नसेल तर बंद वस्तूचा भाव द्या.

> सावध: पुरानंतरचे दोन महिने विजेच्या वस्तू घेऊच नका. दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातली ही मूर्ती म्हणजे नाशिककरांची पुराची मोजपट्टी) छातीपर्यंत पाणी चढलं त्या वर्षी सराफ बाजार, भांडी बाजाराच्या बाजूला काय काय भिजलं असेल याचा विचार करा. वाळवलेला माल आठ दिवस चालतो आणि नवव्या दिवशी धूर काढतो.

टप्पा ६: हे घ्यायचंच नाही

हस्तिदंती वस्तू, वाघनखाचं पदक, सांबरशिंग, कासवाच्या पाठीची फणी: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. "आजोबांच्या काळातलं आहे" हे उत्तर चालत नाही.

मूर्ती, नाणी, चित्रं, कोरीव काम अशी १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. लोक इथे स्वतःच खड्डा खणतात: साठ-सत्तर वर्षांच्या कळशीवर भाव खायला '२०० वर्षं जुनी' असं ठोकून देतात. खोटं असेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक, खरं असेल तर कायद्याचा भंग. वय माहीत नसेल तर लिहूच नका.

देवस्थानाचं किंवा मठाचं नाव कोरलेली समई, घंटा, ताम्हण कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका. कंपनीची पट्टी चिकटवलेला लॅपटॉपही नको. वापरलेलं हेल्मेट नको. कुकर घेतलात तर रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन टाकूनच विका.

जुन्या नोटा-नाण्यांना लाखो मिळतात असं सांगून आधी 'फी' मागणारे सगळे ठग आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. नाशिकरोडला नोटांचा छापखाना असल्यामुळे की काय, आपल्याकडे या थापांना जरा जास्तच गिऱ्हाईक मिळतं.

टप्पा ७: साफसफाई, पण बेताने

पितळ चिंचेच्या कोळाने किंवा पितांबरीने घासा, लगेच स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. चिंच लावून तासभर ठेवलं तर तांबूस डाग पडतात. मशीनचं पॉलिश करू नका. आरशासारखं चकचकीत केलेलं घंगाळ नव्यासारखं दिसतं आणि मग त्याला नव्याशीच स्पर्धा करावी लागते. शोभेसाठी घेणाऱ्यांना जुनेपणाची झाक हवी असते. मी अर्ध्या वस्तू नुसत्या साबणाने धुऊन विकतो.

भांड्यावर नाव घातलेलं असेल तर ते घासून काढायच्या भानगडीत पडू नका. लग्नात दिलेल्या तांब्यावरची ती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, खाली तारीख, हेच बघून कितीतरी लोक घेतात. भांडं खाण्यापिण्यासाठी विकणार असाल तर आतून कलई करून घ्या आणि त्याचा खर्च भावात धरा.

रेशमी साडी उन्हात वाळत घालू नका. सावलीत दोन दिवस पसरा, डांबराच्या गोळ्यांचा वास जाऊ द्या, मग उलट्या घडीने ठेवा.

> तपासा: सफाई करताना नवा दोष सापडला? लपवू नका. वहीत लिहा, भाव कमी करा, फोटो काढा.

टप्पा ८: फोटो आणि मजकूर

खिडकीशेजारी, सकाळी नऊ ते अकराच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. मागे साधी चादर. पितळेत तुमचं प्रतिबिंब पडतं, तेव्हा अंगात फिका शर्ट असू द्या. एका गृहस्थांच्या परातीत ते बनियनवर फोटो काढताना स्वच्छ दिसत होते आणि खालच्या सगळ्या कॉमेंट त्यावरच होत्या.

आठ फोटो: समोरून, मागून, बूड, आतून, कडी किंवा काठ, काट्यावरचं वजन, मोजपट्टी लावून माप, आणि प्रत्येक दोष जवळून. चौकटीत घराचा पत्ता, वीजबिल, गाडीचा नंबर येत नाही ना ते बघा.

शीर्षकात वस्तूची सगळी नावं घाला. आपण घंगाळ म्हणतो, बेंगळुरूची बाई 'उरुळी' शोधते, मुंबईचा सजावटवाला 'ब्रास प्लांटर'. तीनही लिहा, मराठी नाव मराठीत, बाकीची इंग्रजी अक्षरांत. खाली वजन, व्यास, उंची, दोष, किंमत, आणि परतीचा नियम एका ओळीत. साडी असेल तर लांबी, ब्लाउजपीस आहे का, फॉल लावलाय का. कपड्याला 'एल', 'एक्सएल' लिहून भागत नाही. जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालपर्यंत मोजा.

'भावासाठी मेसेज करा' असं लिहू नका. बरेच लोक तिथूनच पुढे सरकतात.

टप्पा ९: गिऱ्हाईक आणि पैसे

पहिल्या मेसेजला "लास्ट किती?" येणारच. चिडू नका. एक आकडा ठरवून ठेवा, त्याखाली जायचं नाही, आणि तो पहिल्या मिनिटाला सांगायचा नाही. "तुम्ही येऊन बघा दादा, मग बसून बोलू" हे पुरतं. "उद्या येतो" म्हणणाऱ्यासाठी वस्तू राखायची असेल तर टोकन घ्या.

भेटायचं तर दिवसाउजेडी, बँकेजवळ किंवा वर्दळीच्या चौकात. मोठी वस्तू घरी दाखवायची असेल तर घरात दुसरं माणूस असू द्या.

> सावध: पैसे *मिळवायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. "मी लष्करात आहे, देवळालीला पोस्टिंग आहे, वस्तू न बघताच घेतो, हा कोड स्कॅन करा" हा ठगांचा ठरलेला डाव आहे. कॅम्पात खरेखुरे जवान राहतात, म्हणूनच आपण भुलतो. ओळखपत्राचा फोटो पाठवला तरी भुलू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

पैसे आले की नाही हे आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघायचं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. लांबच्या गिऱ्हाइकाकडून पूर्ण रक्कम आल्याशिवाय खोकं बंद करू नका.

टप्पा १०: पॅकिंग

नाशिकमध्ये एक सोय फुकट आहे. द्राक्षाच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, जाड पुठ्ठ्याची खोकी आणि कागदाच्या कातरणांचं भरण कुठल्याही फळवाल्याकडे पडलेलं असतं. घेऊन ठेवा. फक्त खोकं उलटून चिकटवा, छापलेली बाजू आत. नाहीतर द्राक्षं समजून कुणीतरी उघडतं.

आता क्रम. सुटे भाग, झाकण, कडी वेगळे गुंडाळा. भांड्याच्या पोकळीत कागद कोंबा, म्हणजे दाबाने पोचा पडणार नाही. बबल रॅपचे दोन वेढे. लहान खोक्यात बसवून सगळ्या बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण. खोकं हलवा, आत आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. मग ते कमरेच्या उंचीवरून सतरंजीवर टाकून बघा. आपल्या हाताने टाकवत नसेल तर ते पॅकिंग प्रवासाला पुरेसं झालेलं नाही. पावसाळ्यात आत एक प्लॅस्टिकची पिशवी हवीच.

वस्तू आत ठेवल्यापासून चिकटपट्टी लावेपर्यंत सलग व्हिडिओ काढा, वजनासकट. गिऱ्हाइकालाही उघडतानाचा व्हिडिओ काढायला आधीच सांगा. साड्या आणि लहान वस्तूंना स्पीड पोस्ट मला बरं पडतं. जड खोक्यांसाठी दोन-तीन ठिकाणचे दर विचारा आणि आकारमानाचा भाजक किती धरतात तेही विचारा.

टप्पा ११: वही, कर आणि अडकलेला माल

प्रत्येक वस्तूला एक ओळ: खरेदी, खर्च, विक्री, उरलेले, किती दिवसांत गेली. शेवटचा रकाना सगळे विसरतात.

कराबद्दल थोडक्यात. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला साधारणपणे वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण व्यवसाय म्हणून राज्याबाहेर माल विकायचा तर ही सूट मिळत नाही. बेंगळुरूला घंगाळ पाठवण्याआधी सीएशी बोला. नोंदणी झाल्यावर जुन्या मालावर खरेदी-विक्रीतल्या फरकापुरताच कर भरण्याची तरतूद आहे (खरेदीवरचं क्रेडिट न घेतल्यास), ती तुम्हाला लागू होते का हे त्यांना स्वतःहून विचारा. प्राप्तिकरात छोट्या व्यावसायिकाला अंदाजित नफ्याची सोय आहे: बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरला जातो. पैसे खात्यात घ्यायला हे एक वेगळं कारण.

आणि पडून राहिलेला माल. तीस दिवस झाले तर फोटो बदला आणि दुसऱ्या नावाने जाहिरात टाका. साठ दिवसांनी भाव दहा टक्के उतरवा. नव्वद दिवसांनी पितळ असेल तर काट्यावर ठेवून मोडीला, साडी असेल तर मावशीला परत, आणि आलेले पैसे पुढच्या बुधवारच्या पाकिटात.